दिघेबाईंचा अडकलेला घास

मालती दिघे यांच्यावर अन्याय झाला तो १९९६ च्या संक्रांतीला, दिवेलागणीच्या जरा आधी, दांडिया बाजारामागच्या आमच्या सोसायटीत, तळमजल्यावरच्या शिर्केकाकूंच्या हॉलमध्ये. अन्याय करणाऱ्या सगळ्या बायका होत्या, सगळ्या नटूनथटून आल्या होत्या, आणि सगळ्यांच्या तोंडात तिळगूळ होता. मला वाण वाटायला बसवलं होतं. म्हणजे मी ऐकीव लिहीत नाही.

शिर्केकाकूंनी बाईंच्या हातावर लाडू ठेवला. बाईंनी तो रुमालात गुंडाळला.

"अं हं, दिघेवहिनी, बांधून न्यायचा नाही. इथेच खायचा."

"घरी जाऊन खाते."

"का? आमच्या हातचा चालत नाही?"

बाईंनी रुमाल सोडला, लाडू फोडला, एक तुकडा तोंडात टाकला. चावला. खूप वेळ चावला. गिळला. मग त्यांचे डोळे मोठे झाले, मूठ छातीच्या मधोमध गेली आणि त्या उठून बेसिनकडे धावल्या. दार ओढून घ्यायलाही वेळ मिळाला नाही. संक्रांतीचा तिळगूळ त्यांनी बेसिनमध्ये थुंकला, आणि तो थुंकताना सगळ्यांनी पाहिला.

कोणी पाठीवर हात फिरवला नाही. कोणी पाणी दिलं नाही. शिर्केकाकू म्हणाल्या, "शेवटी कारभाऱ्यांचं घराणं. पागेवाल्यांचा तिळगूळ घशाखाली उतरायचा कसा?"

बडोद्याबाहेरच्या वाचकांना हा टोमणा समजावून सांगावा लागेल. दिघ्यांचे पूर्वज संस्थानाच्या कचेरीत होते, शिर्क्यांचे घोडदळाच्या पागेत. संस्थान कधीच विरून गेलं. कारभाऱ्यांचे पणतू बँकेत आणि शिलेदारांचे पणतू विम्यात चिकटले, एकाच इमारतीत राहू लागले, एकाच टाकीचं पाणी प्यायला लागले. पण कोण कोणाकडे काय खातो आणि काय टाळतो, हे आमच्या लोकांच्या बरोबर लक्षात राहतं. दुसऱ्या कुठल्या गावात बाई अशी धावली असती तर लोकांनी विचारलं असतं, घास अडकला का? आमच्यात निष्कर्ष आधीच तयार होता. त्या दिवसानंतर सोसायटीतल्या एकाही मराठी घरातून बाईंना हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही.

बाईंनी खुलासा केला नाही. का केला नाही, हे कळायला बाई कळाव्या लागतात.

मालतीबाई दिघे मुलींच्या गुजराती शाळेत विज्ञान शिकवायच्या. मीही त्यांची विद्यार्थिनी. उंच, काटकुळ्या, कॉटनची साडी, पिना जागच्या जागी. वर्गात कोणी काही विधान केलं की त्यांचा एकच प्रश्न यायचा: "कोणे कीधुं?" कोणी सांगितलं? पुस्तकात लिहिलंय म्हटलं तर, "पुस्तकवाळाने कोणे कीधुं?" पाणी शंभर अंशांवर उकळतं हेसुद्धा त्या थर्मामीटर बुडवून दाखवल्याशिवाय लिहू द्यायच्या नाहीत. घरीही तेच. दुधाच्या पिशवीवरची तारीख उजेडात धरून बघायच्या, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचायच्या. त्यांचे यजमान, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एकदा मला म्हणाले, "लग्नात मी अंतरपाटाच्या अलीकडे उभा होतो, तेव्हाही ही पलीकडून वाकून बघत होती, नवरा तोच आहे ना!"

अशा बाईला दुसऱ्याची दया नको असते, कारण दयेमागे काय आहे याचीही तिला शंका येते. त्यातून स्वतःचा त्रास तिला स्वतःलाच सिद्ध करता येत नव्हता. घास छातीत मधेच थांबतो. पाण्याच्या घोटाने ढकलावा लागतो. आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं. थंडीत बोटं पांढरी पडतात, मग निळी, मग लाल होऊन ठणकतात. हाताची कातडी ताणल्यासारखी झाली आहे, बांगडी चढत नाही. यातल्या कशाचा कशाशी संबंध? बाईंना माहीत नव्हतं. आणि जे माहीत नाही ते बाई बोलत नसत.

लोक मात्र बोलत होते.

शाळेत त्यांनी स्टाफरूममध्ये डबा खाणं सोडलं होतं. मधल्या सुट्टीत त्या प्रयोगशाळेत जायच्या, दार लोटून घ्यायच्या आणि उभ्यानेच, शेजारी पाण्याचा चंबू ठेवून खायच्या. बरोबरच्या सगळ्या शिक्षिका गुजराती, शाकाहारी. मराठी बाई दार लावून डबा खाते म्हटल्यावर त्यांना एकच अर्थ दिसला: डब्यात अंडं. गोष्ट मुख्याध्यापिकांपर्यंत गेली. त्यांनी बाईंना स्टाफरूममध्येच बोलावलं आणि बरंच इकडचं तिकडचं बोलून, राग मानू नका म्हणत शेवटी विचारलं, "मालतीबेन, खोटुं ना लगाडता, पण डब्बामां शुं लावो छो?"

बाईंनी डबा आणून टेबलाच्या मधोमध उघडला. मऊ, जवळजवळ पातळ दहीभात.

"लो, सूंघो," त्या म्हणाल्या. "ईंडुं छे एम कोणे कीधुं?"

एका शिक्षिकेने खरंच वाकून वास घेतला, असं बाई पुढे मला सांगायच्या आणि हसायच्या. हसल्या की तोंड पूर्ण उघडायचं नाही. मला वाटायचं, बाई जपून हसतात. नंतर कळलं, ओठांभोवतीची कातडीही आवळत चालली होती. दातांच्या डॉक्टरने "मोठं तोंड करा, अजून मोठं" असं तीनतीनदा सांगून शेवटी, "बेन, तमे सहकार नथी आपता," म्हणून त्यांना परत पाठवलं होतं.

आता डॉक्टरांकडे येते. इथे माझा आवाज चढतो, त्याला इलाज नाही. तेव्हा मी कॉलेजात होते आणि आम्ही काही जण रुग्णांच्या हक्कांबद्दल पत्रकं काढून दवाखान्यांच्या दारात वाटायचो. बाई मला "या, पत्रकवाल्या बाई" म्हणायच्या.

घरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ॲसिडिटी आहे. गुलाबी औषधाची बाटली दिली. ती संपली, दुसरी दिली. मग म्हणाले, "टेन्शन ओछुं करो, बेन. आ उंमरमां लेडीजने आवुं थाय." पोटात न उतरणारा घास या डॉक्टरांनी बाईंच्या मनात ढकलून दिला. घरी अण्णांनाही ते पटलं, कारण ते सोयीचं होतं. पंगतीला बसलं की बाई सगळ्यांच्या शेवटी उठणार, आणि शेवटचा माणूस उठेपर्यंत बाकीच्यांनी हात वाळवत बसायचं ही आमची रीत. दोनचार लग्नांत वाढप्यांनी उष्टी ताटं उचलायला सुरुवात केली तरी बाई एकेक घोट पाणी पीत बसलेल्या, आणि समोर व्याह्यांचे चेहरे. मग बाईंनी पंगतीत बसणंच सोडलं. घरी थोडं थोडं, दर दोन तासांनी खायला लागल्या, तर अण्णांच्या बहिणीने विचारलं, "चारचौघांत उपास आणि स्वयंपाकघरात फराळ?"

त्याच सुमाराला बडोद्याच्या लग्नांतून बुफे आला. आमच्या आधीच्या पिढीने त्याला नावं ठेवली, बाईंनी त्याचं मनापासून स्वागत केलं. "हातात ताट घेऊन हिंडत राहायचं. कोण किती गिळतंय, कोण बघतंय?" उदारीकरणाने बाईंना दिलेली ही एकच चांगली गोष्ट.

दुसरी दिली ती अलकापुरीतली, म्हणजे पैसेवाल्यांच्या वस्तीतली, वातानुकूलित क्लिनिकं. बोटांसाठी त्या तिथल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. वेटिंगरूममध्ये एसी असा लावलेला की बोटं बसल्या जागी निळी पडली. रिसेप्शनवरच्या मुलीने पाहिलं आणि विचारलं, "आंटी, इंक लागी गई छे?" डॉक्टरांनी बोटांचा रक्तपुरवठा वाढवायची गोळी दिली. बोटांना थोडा आराम पडला. पण महिन्याभरात छातीतली जळजळ वाढली. बाई परत गेल्या आणि विचारलं, ही गोळी आणि ही जळजळ, यांचा काही संबंध?

"डॉक्टर तमे छो के हुं?"

"तमे," बाई म्हणाल्या. "एटले तो तमने पूछुं छुं."

त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं गेलं, पोटवाल्या. पोटवाल्यांनी हात पाहिले नाहीत, कारण बाईंनी ते पदराखाली घेतले होते. एसी तिथेही होता.

मला तेव्हा सगळ्यांचाच संशय येत होता. एकमेकांकडे पेशंट पाठवण्यात यांचं काही साटंलोटं आहे का? बॅगा घेऊन दारात बसलेले औषध कंपन्यांचे लोक कोणती गोळी लिहायला लावतात? आणि शहराबाहेरचे कारखाने हवेत काय सोडतात? मी बाईंना म्हटलं, आपण पत्रक काढू. तुमच्या घशावर. कारखान्यांच्या धुराने एका शिक्षिकेचं काय केलं, असं.

बाईंनी चष्मा काढला. "कोणे कीधुं?"

"बाई, अशा तक्रारींत धुळीचा, रसायनांचा संबंध असू शकतो असं वाचलंय मी."

"असू शकतो. माझ्या बाबतीत आहे का? मी आयुष्यभर खडू झिजवले. खडूविरुद्ध काढतेस पत्रक?"

"मग गप्प बसायचं?"

"गप्प बस असं म्हणाले मी? जे दिसलंय ते लिही. दोन डॉक्टरांनी एका बाईचे दोन तुकडे केले, हे दिसलंय. ते लिही की."

हे मी अजूनपर्यंत लिहिलं नव्हतं. आज लिहिते आहे.

पुढच्या वर्षी बाईंना खोकला लागला. कोरडा, हटवादी. जिना चढताना त्या मधल्या वळणावर उभ्या राहायला लागल्या आणि कोणी जाताना दिसलं की किल्ल्या शोधल्यासारखं करायच्या. शेवटी मीच त्यांना रिक्षात घालून मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. अण्णा म्हणाले, "तिथे काय होणार? अलकापुरीत नाही झालं ते?" ओपीडीत चेंगराचेंगरी. पंखा गरगरतोय, भिंतीला पानाच्या पिचकाऱ्या, रांगेत कोणी कोणाचं ऐकत नाहीये. टेबलापलीकडे एक तरुण डॉक्टर मुलगी, माझ्याहून फार तर चार वर्षांनी मोठी. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले.

तिने खोकल्याबद्दल विचारता विचारता नाडी बघायला बाईंचा हात धरला. आणि धरूनच ठेवला. मनगटावरून अंगठा पुढे सरकवला, बोटांपर्यंत. कातडी चिमटीत पकडायला गेली, पकडता येईना. हात उलटा केला, नखांच्या कडा पाहिल्या.

"ठंडीमां आंगळीओ सफेद थई जाय छे?"

"थाय छे."

"पछी भूरी?" म्हणजे निळी.

"हा."

"बेन, खावानुं छातीमां अटके छे?"

बाईंनी झटकन हात मागे घेतला. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "तू सांगितलंस हिला?"

"नाही हो बाई. मी तोंडही उघडलं नाहीये."

"मग हिला कसं कळलं?"

डॉक्टर मुलीला मराठी येत नव्हतं, पण चेहरा वाचता आला असावा. ती म्हणाली, "तमारा हाथे कह्युं, बेन."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि उलटतपासणी सुरू केली. मागून रांग ओरडत होती, "ओ माजी, घर मांडवुं छे के शुं?" बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. कातडी आणि अन्ननलिका यांचा संबंध काय? कोणी सांगितलं? कसं कळतं?

त्या मुलीने सांगितलं. हा एकच आजार आहे, सिस्टिमिक स्क्लेरोसिस. यात कातडी घट्ट होते ती बाहेरून दिसते. आतही तेच चालू असतं. अन्ननलिकेचा स्नायू ढिला पडतो, घास खाली ढकलत नाही, म्हणून तो अडकतो. नलिकेच्या खालचं झाकण सैल पडतं, म्हणून पोटातलं आम्ल वर येतं. माणूस आडवा झाला की जास्त येतं आणि कधी श्वासनलिकेतही शिरतं, खोकल्यामागे तेही असू शकतं. फुफ्फुसंही या आजारात कडक होतात, म्हणून छातीचा फोटो आधी. आणि बोटांच्या गोळीने ते झाकण आणखी सैल पडू शकतं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की बस. "पण मनथी बंध ना करता," मुलगी म्हणाली, "हुं ए डॉक्टर साथे वात करीश."

"एटले," बाईंनी विचारलं, "आ मनमां नथी?"

"मनमां? ना रे बेन. कोणे कीधुं?"

बाई हसल्या. तेवढंसं तोंड उघडून, पण हसल्या.

बेरियम पाजून फोटो निघाले. पांढरं औषध नलिकेत लोंबत राहिलेलं फोटोत दिसत होतं, आणि खालच्या टोकाला आम्लाच्या जखमांनी नलिका अरुंद झालेली. ती दुर्बिणीतून रुंद करावी लागली. आधी आलं असतं कोणी तर इतकी अरुंद झाली नसती, असं दुर्बीणवाले डॉक्टर म्हणाले. आधी आलं असतं! बाई कितीतरी आधी येऊन गेल्या होत्या, वेगवेगळ्या दारांतून.

मग घरात नवी शिस्त आली. सकाळी उपाशीपोटी आम्ल कमी करणारी कॅप्सूल. थोडं थोडं, मऊ खाणं. रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी. आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा, म्हणजे झोपतानाही छाती पोटापेक्षा उंच. विटा अण्णांनी स्वतः आणल्या, दोन जिने चढून. घाम पुसत मला म्हणाले, "इतकी वर्षं मी हिला म्हणत होतो, मन घट्ट कर." आणि पलंगाची लेव्हल बघत बसले.

विटा वर नेताना शिर्केकाकूंनी पाहिल्या. तेव्हा बडोद्यात वास्तुशास्त्राची साथ होती. आठवड्याच्या आत सोसायटीतल्या दोन घरांत पलंगाखाली विटा लागल्या. कोणत्या दिशेला डोकं, हे विचारायला एकजण बाईंकडे वर येऊन गेली. बाईंनी तिला अन्ननलिका काढून दाखवली, कागदावर, झाकणासकट. ती खाली जाऊन काय म्हणाली कोण जाणे. शिर्केकाकूंची प्रतिक्रिया मात्र जिन्यातच ऐकू आली: "कारभाऱ्यांच्या घरी आजारसुद्धा इंग्लिश!"

तरीही एका संध्याकाळी काकूंच्या घरून वाटीभर पातळ खीर वर आली. बाईंनी झाकण उघडलं, वास घेतला, वाटी टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत राहिल्या.

"का पाठवली असेल?"

"बाई, खा ना. पातळ आहे."

"ते दिसतंय. पण हिला पातळच का सुचलं? कोणी सांगितलं?"

अण्णा म्हणाले, "मी." बाईंनी त्यांच्याकडेही संशयाने पाहिलं आणि चमचा घेतला.

माफी कोणी मागितली नाही. बेसिनजवळच्या त्या संध्याकाळचा विषय पुन्हा निघाला नाही. शिर्केकाकूंच्या मते ती खीर हीच माफी होती ना? मला ती पुरत नाही.

फुफ्फुसांचं दुखणं पुढे वाढत गेलं. वेळेवर ओळखलं असतं तर बाई वाचल्या असत्या असं मला लिहायचं होतं. लिहीत नाही, कारण ते मला सिद्ध करता येत नाही आणि बाईंनी ते खोडलं असतं. एवढं मात्र सिद्ध आहे: नलिका अरुंद होण्याआधी औषध मिळू शकत होतं. ती कितीएक जेवणं त्यांना घाबरत जेवावी लागली नसती. आणि त्यांना कोणी नखरेल, शिष्ट, चोरून खाणारी म्हणू शकलं नसतं.

बाईंना शेवटचं पाहिलं ते त्याच ओपीडीच्या बाहेर. मी त्यांना बाकावर बसवून एक्सरे आणायला निघाले होते. समोरच्या बाकावर सावली तालुक्यातल्या खेड्यातलं एक जोडपं होतं. बाई पस्तिशीची, हात साडीच्या पदरात घट्ट गुंडाळलेले. नवऱ्याने बिस्किट दिलं की तुकडा तोंडात, लगेच पाण्याचा घोट. तुकडा, घोट.

"ती बघ," दिघेबाई म्हणाल्या आणि बाकाचा आधार घेत उठल्या. धाप लागली होती, तरी त्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बेन, खावानुं अटके छे?"

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा उठलाच. "तमे डॉक्टर छो?"

"ना. पेशन्ट छुं."

"तो अमने शुं काम पूछो छो?"

"तमे एमने पूछ्युं नथी, एटले." तुम्ही हिला विचारलं नाहीत, म्हणून. त्या बाईसमोर हात पुढे करून उभ्या राहिल्या. स्वतःचा हात, ताणलेला, चकचकीत, अर्धवट मिटलेला. "हाथ बताव, बेटा."

तिने दिघेबाईंच्या हाताकडे पाहिलं. मग पदरातून हात बाहेर काढला. बोटांची टोकं खडूसारखी पांढरी होती.

मी जिन्याच्या कोपऱ्यावरून मागे वळून पाहिलं तेव्हा बाई त्या दोघांना घेऊन ओपीडीच्या दारात पोचल्या होत्या आणि शिपायाशी भांडत होत्या. तो केसपेपरकडे बोट दाखवत होता, पोटाची तक्रार आहे, पलीकडच्या रांगेत जा म्हणून. श्वास पुरत नव्हता, त्यामुळे बाई एकेक शब्द तोडून बोलत होत्या. "पहेलां. हाथ. जुओ." त्या बाईचं मनगट त्यांनी सोडलं नव्हतं.

आता तुम्ही. आज तुमच्या घरी जेवायला बसाल तेव्हा ताटांकडे बघू नका, माणसांकडे बघा. प्रत्येक घासाला पाणी कोण पितंय? कोण मुद्दाम सगळ्यांच्या नंतर बसतंय? थंडीत कोणाचे हात पांढरे पडतात आणि कोण ते लपवतंय? तो हात हातात घ्या. विचारा. मग त्या माणसाला घेऊन एकाच डॉक्टरसमोर बसा आणि हात आणि घसा दोन्ही दाखवल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका, मागची रांग कितीही ओरडो. आणि तोवर "नखरे" हा शब्द तुमच्या घरात कोणी उच्चारला, तर त्याला तिथेच गप्प करा.